टॉवेलचा तुकडा, एक वही आणि सीईटी : सोलापुरात नववी ते बारावीची तयारी

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसीचे प्रवेश गुणांवर होतात. मुलानं महिनाभर यंत्रमागावर जाऊन मोजमापं घेतली, माळावरची गवतं ओळखायला शिकला, गड्ड्याच्या (संक्रांतीच्या सिद्धेश्वर) यात्रेत कचऱ्याचा हिशेब मांडला, तरी कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेरीत, त्याचा अर्धा गुणही वाढत नाही. ‘आमच्या उपक्रमांमुळे स्कोअर वाढतो’ असं सांगून कोणी जादा फी मागत असेल, तर त्याला लांबूनच नमस्कार करावा.

मग हातानं काम करून शिकण्याचा हा खटाटोप कशासाठी? एक तर ऑप्शन फॉर्म भरायच्या रात्रीसाठी. त्या रात्री घरातली चार माणसं मोबाइलभोवती बसतात आणि कुणाच्या तरी भाच्यानं कॉम्प्युटर घेतलं म्हणून आपणही पहिल्या पाच पसंतींत कॉम्प्युटर टाकतात. ज्या मुलाकडे स्वतःच्या हातानं केलेल्या चार-पाच कामांची वही असते, त्याला निदान एवढं ठाऊक असतं की कुठल्या कामात तासन्‌तास गेले तरी आपल्याला कंटाळा येत नाही. दुसरं, कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी. जर्नल स्वतः लिहा, रीडिंग चुकलं तर का चुकलं ते सांगा, अनोळखी माणसाला मेल करून परवानगी घ्या, पाच जणांत काम वाटून घ्या, हे सगळं तिथं पहिल्याच महिन्यात अंगावर येतं. दोन वर्षं फक्त चार पर्यायांतून एक निवडलेल्या मुलाला तिथं धाप लागते. डिझाइन, आर्किटेक्चर आणि मुलाखत घेणारी काही विद्यापीठं इथं या वहीचा थेट उपयोगही होतो, पण तो बोनस समजावा.

‘अनुभवाधारित’ हा शब्द राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर परिपत्रकांत फार दिसायला लागला, पण कल्पना आपल्याकडे जुनी आहे. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात नई तालीम मांडली ती हातातल्या कामातून शिकण्यासाठीच, आणि पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून तेच गावातल्या वर्कशॉपमधून करून दाखवलं. डेव्हिड कोल्ब या अमेरिकन अभ्यासकानं १९८४ मध्ये याचं एक सोपं चक्र मांडलं : करा, मागे वळून पाहा, त्यातून नियम काढा, मग काहीतरी बदलून पुन्हा करा. आपल्या शाळांत यातला फक्त पहिला टप्पा होतो. बस ठरते, डबे बांधले जातात, कारखाना बघून होतो, फोटो ग्रुपवर जातात. पुढचे तीन टप्पे राहतात, म्हणून ती सहलच राहते.

कोणत्या वर्षी किती

उत्साहाच्या भरात सगळं अकरावीत करायला जाणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. अकरावी सायन्सला कॉलेज, क्लास आणि येण्याजाण्यात दिवस संपतो. खरी मोकळी जागा आहे ती नववीत आणि दहावीच्या परीक्षेनंतर.

नववीत दोन सत्रांत दोन छोटी कामं, प्रत्येकी सहा आठवडे, आठवड्याला दोन तास. यापेक्षा जास्त नको. दहावीत जून ते दिवाळी एकच काम. दिवाळीनंतर वही बंद, सराव परीक्षा सुरू. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया (२०२५-२६ पासून ती राज्यभर, म्हणजे सोलापुरातही आहे) पार पडून वर्ग नीट भरायला पावसाळा उजाडतो. हे तीन-साडेतीन महिने सोन्यासारखे आहेत. बहुतेक घरांत ते ‘अकरावीचं फाउंडेशन’ नावाच्या बॅचमध्ये जातात. बॅच हवी तर लावा, पण दिवसाला तीन तासांपुरती. उरलेल्या वेळात आठ आठवड्यांचं एक मोठं काम होऊ शकतं. फक्त ऊन ध्यानात ठेवा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा बाहेरचं काम सकाळी सहा ते नऊ, नंतर घरात बसून आकडेमोड.

अकरावीत रविवारचे तीन तास, तेही फेब्रुवारीपर्यंत. बारावीत नवीन काही सुरू करू नका. जुन्या कामाचा अहवाल ऑगस्टपर्यंत पूर्ण करायचा, झोप आणि व्यायाम सांभाळायचा, एवढंच.

एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत : टॉवेल

सोलापुरात राहून टेरी टॉवेलवर काम न करणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा न पाहण्यासारखं आहे. चादरीला आणि टॉवेलला दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, पूर्व भागात गल्लोगल्ली माग आहेत, आणि लागणारी वस्तू प्रत्येक घरात दोरीवर वाळत असते.

प्रश्न ठरवणं ही पहिली पायरी, आणि बहुतेक कामं इथंच बिघडतात. ‘सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, तो भिंतीवरच्या तक्त्याचा मथळा आहे. प्रश्न असा हवा : ‘नवा टॉवेल धुतल्यावर जास्त पाणी शोषतो का, आणि किती धुण्यांपर्यंत?’ प्रश्नात एक बदलणारी गोष्ट (धुण्यांची संख्या) आणि एक मोजायची गोष्ट (शोषलेलं पाणी) दिसली पाहिजे. दिसत नसेल तर प्रश्न अजून मोठा आहे, आणखी छाटा.

सामान थोडंच आहे. एकाच दुकानातून, एकाच थानातले पाच टॉवेल. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा. सोनाराकडे असतो तसा, ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. पट्टी, कात्री, एक पसरट भांडं, मोबाइलचं स्टॉपवॉच, आणि दोनशे पानी वही.

आधी टॉवेलचा जीएसएम काढा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. ७५ सेंटिमीटर बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल ४५० ग्रॅम भरला, तर क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर, जीएसएम बरोबर ४००. मग प्रत्येक टॉवेलमधून १० बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कापा. ४०० जीएसएमचा तुकडा ४ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. काठाजवळून कापू नका. तिथली पट्टी साध्या विणीची असते, तिच्यात फंदे (वर आलेली सुताची वेटोळी) नसतात, आणि सगळा हिशेब बिघडतो. कापलेल्या कडांना टाके घाला, नाहीतर प्रत्येक धुण्यात सूत सुटून वजन घटेल आणि ते घटणं तुम्ही शोषणात धराल.

आता मोजणी. कोरडं वजन घ्या. तुकडा पाण्यावर अलगद सपाट ठेवा आणि पूर्ण बुडायला किती सेकंद लागतात ते बघा. नवा तुकडा बराच वेळ तरंगतो, कारण त्यावर खळ किंवा सॉफ्टनर असतो. मग तो एक मिनिट बुडवून ठेवा, चिमटा लावून एक मिनिट निथळू द्या, पुन्हा वजन करा. पिळायचा नाही, प्रत्येकाचा हात वेगळा पिळतो. हेच एका, तीन, पाच आणि दहा धुण्यांनंतर, दर वेळी पाच तुकड्यांवर. तुकडे रात्रभर एकाच खोलीत वाळू द्या. पावसाळ्यात सुतात ओल राहते आणि कोरडं वजन वाढतं, म्हणून खोलीची आर्द्रता किंवा निदान ‘आज पाऊस’ एवढं तरी लिहायचं.

वहीतली नोंद साधारण अशी दिसावी :

‘१२ नोव्हेंबर, दुपारी ४.१०, मागची खोली. तुकडा ३, पाच धुण्यांनंतर. कोरडा ३.९८. बुडायला ६ सेकंद. ओला १७.४२. शोषण १३.४४, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ३.३८ पट. निथळताना चिमटा सटकला, भांड्यात पडला, पुन्हा टांगला. हा आकडा संशयास्पद.’

ते शेवटचं वाक्य लिहिणारं मूल कॉलेजसाठी तयार होतंय असं समजा. पेन वापरायचं, खोडरबर नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, वाचता येईल अशी. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर मनात आलेले प्रश्न. आणि नोंद त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहिलेले आकडे आश्चर्यकारकरीत्या सुबक येतात. पाचही तुकड्यांचा आकडा शेवटच्या दशांशापर्यंत सारखा असेल तर मूल हुशार आहे असं समजू नका. त्यानं एक मोजलाय आणि चार लिहिलेत.

यानंतर पुस्तक उघडायचं, आधी नाही. पाणी सुतात का चढतं, हा प्रश्न आता खरोखर पडलेला असतो, आणि बारावीच्या फिजिक्समधलं पृष्ठताण आणि केशाकर्षण त्याचं उत्तर देतं. सेल्युलोजच्या साखळीवरचे हायड्रॉक्सिल गट पाणी धरून ठेवतात, हे केमिस्ट्रीत येतं. सरासरी दहावीच्या सांख्यिकीत आहेच, आकड्यांचं पसरणं अकरावीच्या गणितात येतं. कॉमर्सच्या मुलानं याच टॉवेलचं कॉस्टिंग काढावं : सूत, रंगाई, विणाई, शिलाई, वाया गेलेला माल, दुकानदाराचं मार्जिन. दोनशे रुपयांच्या टॉवेलमध्ये विणणाऱ्याच्या हातात किती पडतात हे त्यानं स्वतः मांडलं, की हिशेब विषयाकडे बघण्याची नजरच बदलते.

मग मागावर जायचं. जाण्यापूर्वी मालकांना भेटून वेळ घ्या; सणासुदीच्या ऑर्डरी चालू असताना जाऊ नका. एका वेळी चार मुलं, साठ नव्हेत. काही गोष्टींत हयगय नको : ओढणी, मोकळे केस, लोंबणाऱ्या बाह्या बांधलेल्या हव्यात, आणि मागाच्या दोन्ही टोकांना, जिथं धोटा (आडवा धागा नेणारा) येऊन आपटतो, तिथं उभं राहायचं नाही. धोटा कधीकधी उडतो आणि लागला तर डोळा जातो. यंत्राला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. अठरा वर्षांखालच्या मुलांना काम करायला लावणं हा इथं विषयच नाही.

काय बघायचं ते ठरवून जा. टेरीच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात, एक खालच्या कापडाचा, घट्ट ताणलेला, आणि एक फंद्यांचा, सैल. दोन आडवे धागे पडतात तेव्हा धागे ठोकणारी फणी पुरती पुढे येत नाही, थोडी अलीकडे थांबते. तिसऱ्या धाग्याला ती पूर्ण ठोका देते, तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात आणि सैल ताणा वर उसळून फंदा होतो. चालू मागावर हे डोळ्यांना दिसत नाही. कारागिराला विनंती करून माग हातानं सावकाश फिरवून घ्या, म्हणजे लखकन कळतं. ही दोन मिनिटं अख्ख्या भेटीची किंमत वसूल करतात.

कांडीवरून ५० मीटर सूत मागून घ्या. घरी वजन करा. सुताचा नंबर म्हणजे ०.५९ गुणिले मीटरमधली लांबी, भागिले ग्रॅममधलं वजन. वीस नंबरचं एकेरी सूत असेल तर ५० मीटर साधारण १.४७ ग्रॅम भरतं. दहाच मीटर घेतलं तर वजन ०.३० च्या खाली येतं आणि काट्याची शतांशाची चूक तीन-साडेतीन टक्क्यांची होते. पन्नास मीटर कशाला, हे मुलाला यातून आपोआप समजतं. आवाजही मोजता येतो, पण मोबाइलचं अॅप प्रमाणित नसतं. त्यामुळे ‘इथं ९६ डेसिबल आहे’ असं ठोकून लिहायचं नाही. ‘दारापेक्षा मागाजवळ इतकं जास्त’ एवढंच. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, हे कळल्यावर मुलं आपणहून विचारतात की कारागीर कानात काही घालत का नाहीत. तो प्रश्न उजव्या पानावर.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात : काहीतरी एक बदलून पुन्हा करा. महापालिकेच्या पाण्यात धुतलेले तुकडे आणि बोअरच्या जड पाण्यात धुतलेले तुकडे, यांत फरक पडतो का? आणि निष्कर्ष दोन पानांत लिहून त्या मागमालकांना नेऊन द्या, त्यांच्या भाषेत समजावून. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोललं जातं, सोलापुरात कन्नड आणि उर्दूही कानावर पडतेच. वर्गात ज्याच्या घरी ती भाषा आहे त्या मुलानं पुढे व्हावं. त्याला वर्गात क्वचित मिळणारा मान त्या दिवशी मिळतो.

आणखी काही कामं

पाणी हा सोलापूरकरांचा रोजचा विषय. नळाचं, बोअरचं आणि आरओचं पाणी टीडीएस मीटरनं मोजता येतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही इष्ट मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. चूक होते ती अर्थ लावताना. टीडीएस मीटरला फक्त विरघळलेले क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं अहवालात लिहिलं तर तो अहवाल धोकादायक आहे.

सायन्सकडे ओढा असलेल्यांसाठी ज्वारी उत्तम. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या केंद्रातून आलेलं. रब्बीत पाऊस नसताना नुसत्या जमिनीतल्या ओलीवर ते कसं उभं राहतं? दर पंधरा दिवसांनी १५ आणि ४५ सेंटिमीटर खोलीवरची १०० ग्रॅम माती घ्या, १०५ अंशांवर वाळवा (शाळेत ओव्हन नसेल तर एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला लेखी विनंती करा), घटलेलं वजन म्हणजे ओल. पिशवीचं तोंड शेतातच घट्ट बांधा. नाहीतर घरी येईपर्यंत बरीच ओल उडालेली असते. हुरड्याला जाताय तेव्हाच एक नमुना घ्या, दोन्ही कामं होतात.

माळरानावर एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट टाकून आतली झाडं मोजायची, दहा ठिकाणी. यासाठी नान्नजच्या अभयारण्यातच गेलं पाहिजे असं नाही. तिथं वन विभागाची परवानगी लागते आणि माळढोकाच्या अधिवासात गोंगाट नकोच. गावाबाहेरचा कुठलाही पडीक माळ चालतो. चौकट ‘चांगली दिसते तिथं’ टाकायची नाही, डोळे मिटून मागे फेकायची.

आर्ट्‌सकडे किंवा कायद्याकडे जाणाऱ्यांसाठी सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं शहरात सगळ्यांना पाठ असतात, पण त्या वेळचं वर्तमानपत्र काय म्हणत होतं, सरकारी कागद काय म्हणत होता आणि घराघरांत काय सांगितलं जातं, हे तीन रकान्यांत मांडून बघा. तिन्ही जुळत नाहीत. का जुळत नाहीत, हे शोधणं म्हणजेच इतिहास, आणि वकिलीही. ज्येष्ठांशी बोलताना रेकॉर्डिंगची परवानगी आधी, तोंडी का होईना, घ्यायची.

संक्रांतीला गड्डा भरतो तेव्हा शाळांना सुट्टी असतेच. ठरावीक जागी उभं राहून दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं ये-जा मोजली, तर गर्दीचा आलेख निघतो. चेहऱ्यांचे फोटो नकोत. सातही नंदीध्वज निघतात त्या वेळी मात्र वही खिशात ठेवून मिरवणूक बघावी. सगळंच मोजायचं नसतं.

जागा हवी असेल तर केगावच्या बाजूला विज्ञान केंद्र आणि डाळिंब संशोधन केंद्र दोन्ही आहेत. संशोधन केंद्राला शाळेच्या लेटरहेडवर किमान तीन आठवडे आधी पत्र द्या, त्यात मुलांची संख्या आणि विचारायचे पाच प्रश्न लिहा. ‘भेट द्यायची आहे’ एवढंच लिहिलेली पत्रं टेबलावर पडून राहतात.

कामावरचा एक दिवस

दहावीनंतरच्या सुट्टीत चार वेगवेगळ्या पेशांतल्या माणसांबरोबर एकेक पूर्ण दिवस काढा. नातेवाईक चालतील, पण एक तरी अनोळखी हवा. ‘या फील्डला स्कोप आहे का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला सगळे सारखंच उत्तर देतात. विचारायचं ते हे : काल सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नेमकं काय काय केलंत? त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काय? कॉलेजात शिकलेलं काय वापरता? पुन्हा सोळा वर्षांचे झालात तर आधी काय शिकाल? सिव्हिल इंजिनिअरचा अर्धा दिवस फोनवर आणि उन्हात जातो, वकिलाचा वाट बघण्यात, डॉक्टरचा तेच ते प्रश्न न कंटाळता विचारण्यात. हे आधी दिसलेलं चांगलं.

इंग्रजी

मराठी किंवा सेमी माध्यमातून अकरावी सायन्सला गेलेलं मूल पहिल्या चाचणीत आपटतं ते बहुधा शब्दांमुळे. त्वरण म्हणजे अॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, हे जोडून देणारं कुणी नसतं. दहावीच्या सुट्टीत रोज वीस मिनिटं, दहा शब्द : एका बाजूला मराठी संज्ञा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, खाली स्वतःच्या प्रयोगातलं एक वाक्य. साठ दिवसांत सहाशे शब्द होतात आणि अकरावीच्या पहिल्या सत्राला तेवढे पुरतात. टॉवेलचा अहवाल मराठीत लिहा आणि त्याचा एक पानी सारांश इंग्रजीत. नीट आणि जेईई मेनचा पेपर मराठीतूनही घेता येतो, पण निवड करताना पुढची चार-पाच वर्षं पुस्तकं इंग्रजीत असणार हे धरून चाला.

झोप, खेळ, जेवण

‘समग्र’ विकासाच्या नावाखाली शनिवारी योग, रविवारी ड्रोन, सोमवारी कथक असं सातही दिवस भरू नका. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचचा क्लास आणि रात्री अकराची टेस्ट सिरीज यांत ती बसत नाही. मग दुपारच्या तासाला डोळे मिटतात आणि घरी वाटतं की मुलाचं लक्ष नाही. रोज पाऊण तास घाम निघेल असं काहीतरी, आणि एक छंद, ज्याचं प्रमाणपत्र मिळत नाही असा. घरातली कामंही यात धरा. स्वतःचे कपडे, भाकरी-भाजी, महिन्याच्या खर्चाचा हिशेब हे ज्याला येतं ते मूल पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात रडत नाही. निदान कमी रडतं.

परीक्षांचा नकाशा

थोडक्यात एवढं. एमएचटी-सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत आणि अभ्यासक्रमात अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बारावीचा ८०. जेईई मेन ३०० गुणांची, जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा; जानेवारीचं सत्र गड्ड्याच्या आगेमागेच येतं. एनआयटीसाठी बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणंही लागतं, हे विसरून बोर्डाकडे पाठ फिरवणारे दर वर्षी सापडतात. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीला एक वजा. शुद्ध विज्ञानाची आवड वहीत दिसत असेल तर आयसरची प्रवेश परीक्षा ध्यानात ठेवा. कायद्यासाठी क्लॅट, आर्किटेक्चरसाठी नाटा, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी. सगळ्या भरू नका. वहीतून निघालेल्या दोन दिशा, प्रत्येकी एक मुख्य आणि एक पर्यायी परीक्षा, एवढ्याच.

‘इंटिग्रेटेड’ म्हणजे कॉलेजला नावापुरता प्रवेश आणि दिवसभर क्लास. फी भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा : प्रात्यक्षिकं कोण आणि किती तास घेणार, हजेरी कुठे लागणार, मध्येच सोडलं तर फीचं काय. पहिल्याच प्रश्नाला टाळाटाळ झाली तर मुलाला दोन वर्षांत ब्युरेट हातात मिळणार नाही, हे धरून चाला.

कागदपत्रं, मुलाच्या हातानं

हाही अनुभवच, आणि यात गुणांइतकंच नुकसान होऊ शकतं. नववीतच आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या नोंदवहीतलं नाव अक्षरशः सारखं आहे का ते मुलानं स्वतः ताडून बघावं. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीवरून पुढे फेऱ्या मारायला लागतात, आणि दहावीचा बोर्डाचा फॉर्म गेल्यावर दुरुस्ती जड जाते. अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून काढता येतात. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच, कॉलेजमार्फत, करा. बारावीच्या निकालानंतर समितीच्या दारात रांग असते. ओबीसींना नॉन-क्रीमीलेअर लागतं आणि त्याला मुदत असते. प्रवेशाच्या वर्षी ते चालू असलं पाहिजे.

मुलींसाठी आणखी एक : ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की ही सवलत गेली. सगळ्या दाखल्यांच्या स्कॅन प्रती एका फोल्डरमध्ये, फाइलला नाव देताना दाखल्याची मुदत संपायची तारीख नावातच लिहा, आणि मूळ प्रती लॅमिनेट करू नका. काही ठिकाणी लॅमिनेट केलेला कागद पडताळणीला घेत नाहीत.